सोसायटीच्या मोठ्या रिपेअरचं एस्टिमेट: आधी माप घ्या, रेट नंतर विचारा

दिवाळी झाली की आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये एकेका बिल्डिंगला परांची लागायला लागते, हिरवी जाळी चढते आणि प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, फ्लॅटमागे किती येणार? आमच्याकडे पण तेच झालं. मी तेव्हा कमिटीत ट्रेझरर होते, नोकरी महापेला एका कंपनीत प्लॅनिंगमध्ये, म्हणजे एस्टिमेट हा रोजचा विषय, तरी पहिल्या मीटिंगमध्ये आम्ही "साधारण एक साठ", म्हणजे एक लाख साठ हजार, सांगून टाकलं आणि काम संपेपर्यंत आकडा दोन वीसवर गेला. कोणी पैसे खाल्ले नव्हते, कॉन्ट्रॅक्टरने रेटही वाढवला नव्हता. आमच्या पहिल्या मजल्यावर एक काकू आहेत, पेन्शनवर राहतात, त्यांनी एक साठसाठी एक एफडी मोडली आणि सात महिन्यांनी उरलेल्या साठ हजारांसाठी दुसरी मोडली. आधीच खरा आकडा कळला असता तर त्यांनी पैशांची वेगळी सोय केली असती. ते मला अजून लागतं, म्हणून हे सगळं बैजवार लिहून काढतेय.

आमची चूक रेटमध्ये नव्हती, मापात आणि टोटलमधून सुटलेल्या गोष्टींत होती. आम्ही चार कॉन्ट्रॅक्टरना फोन करून "स्क्वेअर फुटाला काय घेता" विचारत बसलो, पाच रुपयांसाठी घासाघीस केली, पण किती स्क्वेअर फूट आहे हे कोणी नीट मोजलंच नाही. खाली जे गणित आहे ते आमच्याच बिल्डिंगच्या धर्तीवर आहे, ३२ फ्लॅट, तळमजला धरून आठ मजले. आकडे गोल केलेत आणि रेट फक्त हिशोब समजायला धरलेत, त्यामुळे ते बाजारभाव म्हणून वापरू नका.

पहिलं काम: काय करायचं आणि काय नाही, दोन्ही लिहा

एस्टिमेटच्या आधी एक साधा कागद घ्या. डाव्या बाजूला या प्रोजेक्टमध्ये काय येणार, उजव्या बाजूला काय येणार नाही. उजवी बाजू जास्त महत्त्वाची, कारण नंतरची सगळी भांडणं तिथूनच निघतात. बाहेरचं प्लास्टर, आरसीसी (कॉलम-बीमचं सळया घातलेलं काँक्रीट) रिपेअर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचे पाईप, रंग हे आत. लिफ्ट, कंपाउंड वॉल, पार्किंगच्या लाद्या बाहेर, असं स्पष्ट. मग मेंबर विचारतात, माझ्या बाथरूममधून खालच्याकडे गळतंय ते धरलंय का? मॉडेल उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, बाहेरच्या भिंतीतून आणि गच्चीतून येणारी गळती सोसायटीच्या खर्चात, संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती त्या त्या मेंबरकडे. हे आधीच कागदावर टाका, नाहीतर काम सुरू झाल्यावर प्रत्येक जण कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला घरात बोलावून "हे पण जरा करून दे" म्हणतो आणि ते बिल सोसायटीच्या गळ्यात पडतं.

स्ट्रक्चरल ऑडिट हातात नसेल तर एस्टिमेट करू नका

उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, करायचं असतं, म्हणजे बऱ्याच सोसायट्यांकडे रिपोर्ट असायला हवा, फक्त तो कपाटात पडलेला असतो. काढा आणि वाचा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स, हाफ सेल, कार्बोनेशन अशा टेस्टचे तक्ते असतात, ते सगळे समजायची गरज नाही. तुम्हाला एवढंच हवंय की कोणत्या कॉलम-बीमला काय करायला सांगितलंय आणि त्याची संख्या किती. खाडी जवळ असल्यामुळे आपल्याकडे हवेत खारटपणा, त्यात चार महिने पाऊस, सळईला गंज चढला की ती फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते, त्यामुळे आरसीसीचा आयटम इथे कधीच छोटा नसतो. रिपोर्ट दोन वर्षं जुना असेल तर ऑडिट करणाऱ्या कन्सल्टंटला परत एक फेरी मारायला सांगा, दोन पावसात खूप फरक पडतो.

माप: इथे वेळ घालवा, इथेच पैसे वाचतात

आमच्या बिल्डिंगचा प्लॅन ८० फूट बाय ५० फूट. आम्ही काय केलं, घेर काढला २६० फूट, उंची ८० फूट, गुणाकार २०,८०० स्क्वेअर फूट. झालं, एवढंच! पण भिंत अशी सरळ चौकोनी नसते ना. डक्ट (पाईपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागा) आत गेलेत, बाल्कनी बाहेर आल्यात, जिन्याचा भाग वेगळा. टेप घेऊन खालून प्रत्येक वळण मोजत गेलं की खरा घेर ३४० फूट निघतो. ३४० गुणिले ८० म्हणजे २७,२०० स्क्वेअर फूट. फरक ६,४०० स्क्वेअर फूट, म्हणजे आमच्या पहिल्या मापाच्या जवळजवळ ३१ टक्के जास्त. आता सांगा, रेटमध्ये पाच टक्के कमी करून घ्यायला आम्ही तीन रविवार घालवले त्याचा काय उपयोग झाला?

मोजताना काही गोष्टी हमखास सुटतात. डक्टच्या आतल्या भिंती, छज्जाची वरची-खालची बाजू, गच्चीच्या पॅरापेटची (कठड्याची) आतली बाजू, पाण्याच्या टाकीच्या आणि लिफ्टच्या खोलीच्या भिंती. खिडक्यांची वजावट करायची की नाही यावर वाद होतो, त्याला भारतीय मानक आयएस १२०० आहे, त्यात अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची प्लास्टरमध्ये वजावट करत नाहीत, मोठ्या खिडक्यांचे नियम वेगळे. टेंडरमध्ये फक्त "मोजमाप आयएस १२०० प्रमाणे" एवढी ओळ टाका, बिलाच्या वेळी डोकं कमी फिरेल. आणि मोजायला एकट्याने जाऊ नका, कमिटीतला एक, कमिटीबाहेरचा एक. आमच्याकडे दुसऱ्या वेळी सातव्या मजल्यावरचे एक काका आले, प्रत्येक गोष्टीला विरोध करणारे म्हणून प्रसिद्ध, दोन सकाळी टेप धरून फिरले आणि नंतर मीटिंगमध्ये तेच उभं राहून म्हणाले, "माप बरोबर आहे, मी घेतलंय." त्यानंतर मापावर कोणी प्रश्न काढला नाही.

जे मोजताच येत नाही त्याचं काय

हा सगळ्यात अवघड भाग. रंग पूर्ण २७,२०० ला लागणार हे नक्की, पण प्लास्टर किती तोडायला लागेल? परांची चढून हातोडीने ठोकून बघेपर्यंत ते कळत नाही, जिथे बद्द पोकळ आवाज येतो तिथलं प्लास्टर सुटलेलं असतं. आणि परांची लागते कॉन्ट्रॅक्ट दिल्यावर. म्हणजे सगळ्यात मोठा आयटम आपण अंदाजावर ठरवतो. अशा ठिकाणी एक आकडा सांगणं म्हणजे स्वतःची फसवणूक, तीन आकडे काढा.

आमच्या हिशोबात, सगळं चांगलं निघालं तर ३० टक्के प्लास्टर जाईल म्हणजे ८,१६० स्क्वेअर फूट. बहुतेक ४५ टक्के, १२,२४०. वाईटात वाईट ७५ टक्के, २०,४००. आता चांगला आकडा, अधिक बहुतेकवाल्याची चारपट, अधिक वाईट, भागिले सहा. उत्तर १२,९२०. ही पद्धत १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात कोणतं काम किती दिवसात होईल याचा अंदाज काढायला आली, पण आपल्या प्लास्टरलाही तितकीच लागू पडते. वाईट आणि चांगल्यातला फरक भागिले सहा केलं की २,०४० येतात, तेवढे वर धरले तर साधारण १५,००० स्क्वेअर फूट. बजेटला हा आकडा घ्या. मधला घेतला तर जवळजवळ निम्म्या वेळा कमी पडेल.

तीन आकडे हवेतून काढायचे नाहीत हे पण सांगते. गच्चीवरून आणि खिडक्यांतून हात पोचेल तिथे ठोकून बघा. दोरीवर उतरणारी माणसं मिळतात, त्यांच्याकडून एक बाजू वरपासून खालपर्यंत तपासून घ्या, आणि ती बाजू निवडताना नैऋत्येची निवडा कारण पावसाचा मारा तिकडूनच असतो, ती सगळ्यात वाईट असणार. मागच्या रिपेअरची बिलं असतील तर तेव्हा बीओक्यूत, म्हणजे कामं आणि त्यांच्या क्वांटिटीच्या यादीत, किती होतं आणि प्रत्यक्षात किती झालं ते बघा. शेजारच्या, त्याच बिल्डरच्या त्याच वर्षीच्या बिल्डिंगचं काम झालं असेल तर त्यांच्या सेक्रेटरीला चहाला बोलवा, यासारखा दुसरा सोर्स नाही. पण त्यांचा फ्लॅटमागचा आकडा विचारू नका, क्वांटिटी विचारा. फ्लॅटमागचा आकडा घेऊन उपयोग नसतो कारण त्यांची फ्लॅटसंख्या वेगळी, स्कोप वेगळा.

आता रेट

तीन कोटेशन तरी घ्या, पण तुमच्या बीओक्यूवर. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर आपापल्या फॉरमॅटमध्ये देईल तर तुलना होणारच नाही. एकात परांची रेटमध्ये धरलेली असते, दुसऱ्यात वेगळी, तिसऱ्यात राबिट (तोडफोडीचा मलबा) उचलणं सोसायटीकडे. प्रत्येक आयटमसमोर लिहून घ्या की यात काय काय आलं. प्लास्टरमध्ये जुनं तोडणं, वॉटरप्रूफिंग केमिकल, पाणी मारणं आलं का. रंगात प्रायमर एक आणि कोट दोन का.

रेट पटतोय का हे बघायला सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बघा, ती सरकारी कामाची आहे, खाजगी सोसायटीचा रेट वेगळा पडतो, पण एखादा आयटम अगदीच विचित्र असेल तर लगेच दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे मटेरियलचा हिशोब. बाहेरचं दोन कोटचं २० मिलिमीटर प्लास्टर, एकास चार माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), एक ब्रास म्हणजे १०० स्क्वेअर फुटाला साधारण दीड पोती सिमेंट लागतं. त्यात वाळू, केमिकल, गवंडी-बिगारीची मजुरी आणि त्याचा नफा मिळवा. कोणी या हिशोबाच्याही खाली रेट देत असेल तर खुश होऊ नका, तो एकतर माल मारणार नाहीतर अर्ध्यात काम सोडणार.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या. समजा बीओक्यूत आरसीसी रिपेअर २,००० स्क्वेअर फूट आणि प्लास्टर १५,००० आहे. एकाने आरसीसीला ४०० आणि प्लास्टरला १२० दिले, टोटल २६ लाख. दुसऱ्याने आरसीसीला ५५० आणि प्लास्टरला ९५, टोटल २५ लाख २५ हजार. दुसरा स्वस्त, नाही का? आता काम सुरू झालं आणि आरसीसी ३,५०० निघालं, जे अगदी होण्यासारखं आहे. पहिल्याचं बिल ३२ लाख, दुसऱ्याचं साडेतेहेतीस लाख. अनुभवी कॉन्ट्रॅक्टरला कुठली क्वांटिटी वाढणार ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं, तिथे तो रेट चढा ठेवतो. म्हणून तुलना करताना दोन एक्सेल शीट करा, एक बीओक्यूच्या क्वांटिटीची आणि एक वाईट परिस्थितीच्या क्वांटिटीची, आणि दोन्हीत कोण कुठे आहे ते बघा.

लमसम कॉन्ट्रॅक्ट मागायचा मोह होतो, एकदा आकडा ठरला की टेन्शन नाही असं वाटतं. रिपेअरमध्ये मी तरी नको म्हणेन. ज्याला किती प्लास्टर जाणार माहीत नाही तो लमसम देताना वाईट आकडाच धरतो, नाहीतर पोकळ प्लास्टर तसंच ठेवून वरून रंग मारतो. आयटम रेट ठेवा, प्रत्यक्ष मोजमापावर बिल.

टोटल मारताना काय काय सुटतं

आमच्या मापाने हिशोब असा लागला. प्लास्टर १५,००० गुणिले १२०, १८ लाख. आरसीसी २,००० गुणिले ४००, ८ लाख. रंग २७,२०० गुणिले ३०, ८ लाख १६ हजार. परांची २७,२०० गुणिले २२, ५ लाख ९८ हजार ४००. गच्ची ४,००० गुणिले १६०, ६ लाख ४० हजार. बाहेरचे पाईप १२ लाईन, प्रत्येकी ८० फूट, ९६० रनिंग फूट गुणिले ४५०, ४ लाख ३२ हजार. टोटल ५० लाख ८६ हजार ४००. याला ३२ ने भागलं की एक लाख एकोणसाठ हजार. म्हणजे परत "साधारण एक साठ"च. बघा, माप नीट घेतल्यावरही इथेच थांबलो असतो तर परत तेच झालं असतं.

कारण पुढे हे येतं. ग्रिल काढून बसवणं, एसीचे आउटडोअर युनिट हलवणं, डिश आणि केबल, राबिट, शेवटची साफसफाई, यासाठी २ लाख. झाले ५२ लाख ८६ हजार ४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९ लाख ५१ हजार ५५२. कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा" असतं ना, ते हेच. कन्सल्टंटची फी समजा ३ टक्के आणि तिच्यावर जीएसटी, मिळून १ लाख ८७ हजार. मग कंटिन्जन्सी, म्हणजे अचानक वाढणाऱ्या खर्चासाठी राखीव रक्कम, १० टक्के, तिच्यावरही जीएसटी धरायचा कारण ते पैसे शेवटी कामावरच जाणार, ६ लाख २४ हजार. सगळं मिळून साडेसत्तर लाख. फ्लॅटमागे दोन लाख वीस हजार.

टीडीएस यात मिळवू नका. सोसायटीला कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून टीडीएस कापावा लागतो, प्रोप्रायटर असेल तर १ टक्का, कंपनी-पार्टनरशिप असेल तर २, पण तो त्याच्या पैशातून कापला जातो, आपला खर्च वाढत नाही. आमच्या एका मेंबरने तो वर धरला होता.

कंटिन्जन्सी म्हटलं की मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणारच, हे कशाला, कॉन्ट्रॅक्टरला कळलं तर तो खाईल. त्यावर उपाय म्हणजे ती टेंडरमध्ये दाखवायचीच नाही, फक्त सोसायटीच्या बजेटमध्ये ठेवायची, आणि वापरायला कमिटीतल्या तिघांची सही आणि कन्सल्टंटचं लेखी कारण. जिथे धोका माहीत आहे, म्हणजे आरसीसी वाढणं, पाईप काढताना भिंत फुटणं, तिथल्यासाठी ही. "जाता जाता गेटही नवीन करू" यासाठी नाही.

मेंबरना आकडा कसा सांगायचा

एक आकडा सांगू नका, रेंज सांगा आणि कोणत्या टप्प्यावर आहोत ते सांगा. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये अगदी सुरुवातीच्या ढोबळ अंदाजाला उणे २५ ते अधिक ७५ टक्के इतकी मोकळीक धरतात, आणि सगळं डिटेल झाल्यावरच्या एस्टिमेटला उणे ५ ते अधिक १०. आमच्या एक साठवर हे लावून बघा, अधिक ७५ टक्के म्हणजे दोन ऐंशी. दोन वीस त्या रेंजच्या आतच होता! आम्ही पहिल्या दिवशी "एक वीस ते दोन ऐंशीच्या मध्ये काहीतरी, टेंडर आल्यावर पक्कं सांगू" म्हटलं असतं तर लोक ओरडले असते, पण काकूंनी दोन ऐंशीची तयारी ठेवली असती.

नोटिशीत तीन टप्पे लिहा. ऑडिटनंतरचा अंदाज, मापानंतरचा, टेंडरनंतरचा. प्रत्येकासोबत तारीख आणि गृहीतकं: प्लास्टर १५,०००, आरसीसी २,०००, परांची सहा महिने, पार्किंगमधली अमुक जागा स्टोअरला. नंतर आकडा बदलला की कोणतं गृहीतक बदललं ते दाखवता येतं, त्यामुळे संशय कमी होतो. आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवायचा), रिपेअर फंडात किती आहे ते त्याच कागदावर. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग आणि पाऊण टक्का रिपेअर फंड जमा व्हायला हवा, पण जुन्या बिल्डिंगचा बांधकाम खर्च तेव्हाच्या रुपयातला, त्यामुळे जमा रक्कम आजच्या खर्चापुढे फार छोटी निघते, हे लोकांना आकड्यासकट दाखवा.

पैसे कधी लागणार

टोटल बरोबर असूनही काम अडतं, कारण पैसे वेळेवर जमत नाहीत. महिन्यावार तक्ता करा. ऑक्टोबरमध्ये परांची आणि मोबिलायझेशन अॅडव्हान्स (काम सुरू करायला दिलेली आगाऊ रक्कम), मग तोडफोड, आरसीसी, फेब्रुवारीपर्यंत प्लास्टर, शेवटी रंग. गच्ची काहीही करून मे महिन्याच्या आत. जूनपर्यंत लांबलं तर परांची पावसात उभी राहते, मजूर गावाला गेलेले परत येत नाहीत, कन्सल्टंटची फी मासिक असेल तर ती चालूच. एका महिन्याच्या उशिराला किती पडतात तेवढी एक ओळ बजेटमध्ये घाला. मेंबरचे हप्ते या तक्त्यापेक्षा एक महिना पुढे ठेवा आणि चार-पाच जण उशिरा देणार हे धरूनच चाला. प्रत्येक रनिंग बिलातून (काम चालू असतानाच्या बिलातून) ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम, ठेवतो म्हणून ते पैसे खर्चू नका, एक-दोन पावसानंतर ते द्यायचेच असतात.

काम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात

परांची पूर्ण लागली की पैसे सोडायच्या आधी कन्सल्टंट, कॉन्ट्रॅक्टर आणि कमिटी मिळून सगळी बिल्डिंग ठोकून बघा, पोकळ जागांवर खडूने खुणा करा, फोटो काढा, मोजा. हा तुमच्या तीन आकड्यांचा निकाल. १५,००० च्या जागी १७,००० निघाले तर २,००० गुणिले १२०, जीएसटी धरून २ लाख ८३ हजार, हे कंटिन्जन्सीत बसतं का ते त्याच आठवड्यात बघा आणि ग्रुपवर टाका. आमच्याकडे हे मार्चमध्ये कळलं, तोपर्यंत सगळीकडे प्लास्टर तोडून झालं होतं. ती शीट, अंदाज एका कॉलममध्ये आणि प्रत्यक्ष दुसऱ्यात, काम संपल्यावर सोसायटीच्या फाईलला लावून ठेवा, पुढच्या रिपेअरच्या वेळी कमिटीत जे असतील त्यांना तीन आकडे काढायला तीच लागेल.